नाताळची रोषणाई घरी करायची तर आधी खुंट्या, मग दिवे

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीत एडिसनच्या जवळ यंदाच पहिलं घर घेतलंय, पुढे छोटंसं यार्ड आहे, सहा वर्षांच्या मुलीला दारात लाईटवाला रेनडियर हवाय कारण शेजारच्या सगळ्यांकडे आहे, दुकानात बघितलं तर एकेकाची किंमत ऐकून घाम फुटला, तर दादा हे घरी बनवता येईल का, पावसाबर्फात शॉक बिक लागणार नाही ना, आणि पुण्याहून आणलेल्या दिवाळीच्या माळा चालतील का.

येईल. नीट केलंस तर नाही लागणार. आणि नाही चालणार. आता सविस्तर सांगतो, चहा घेऊन बस.

आधी माझं सांगतो म्हणजे कोण शहाणपण शिकवतोय ते कळेल. मी मूळचा वसईचा, नाताळ आमच्या घरचाच सण, गोठा (येशूजन्माचा देखावा) आणि तारा लहानपणापासून हाताने केलेत. इकडे येऊन २२ वर्षं झाली, त्यातली बरीचशी अपार्टमेंटच्या मेंटेनन्समध्ये गेली, म्हणजे ट्रिप झालेले ब्रेकर, सडलेलं प्लायवुड आणि बर्फात हरवलेले प्लग हे माझं रोजचं काम. लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन मी नाही, त्यामुळे भिंतीत नवीन आउटलेट बसवायचा विषय आला तर मला विचारू नकोस, लायसन्सवाल्यालाच बोलव.

पहिल्या वर्षी मी पण तुझ्यासारखाच उत्साहात प्लायवुडचा रेनडियर कापला, पांढरा रंग दिला, कडेने माळ लावली आणि तंबूच्या दोन खुंट्या ठोकून उभा केला. फोटो काढले, घरी वसईला पाठवले. तिसऱ्या रात्री वारा सुटला. सकाळी बघतो तर रेनडियर रस्ता ओलांडून समोरच्यांच्या हेजमध्ये तोंड खुपसून पडलेला, एक शिंग गटाराजवळ, आणि जाताना माळ ओढली म्हणून आउटलेटचं झाकणही उपटून घेऊन गेलेला. समोरच्या आजीबाई दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, युअर डिअर केम टू व्हिजिट. तेव्हापासून मी कोणालाही दिव्यांबद्दल आधी सांगतच नाही, आधी खुंट्यांबद्दल सांगतो. दिवे कसेही लावले तरी दिसतातच रे, डेकोरेशन टिकतं की नाही हे ठरतं जमिनीत काय ठोकलंय आणि वायरचे जोड कुठे लोंबतायत यावर.

वाऱ्याचा हिशोब एकदा करून बघ. ताशी ४० मैलांचा वारा सपाट फळीवर दर चौरस फुटाला साधारण ४ पौंडांनी ढकलतो. तू ४ फूट बाय ४ फुटाच्या तुकड्यातून रेनडियर कापलास, पायांमधली आणि शिंगांमधली मोकळी जागा गेली, तरी आठेक चौरस फूट लाकूड उरतं, म्हणजे झाले ३२-३३ पौंड, आपले १५ किलो. पंधरा किलोचं तांदळाचं पोतं कोणीतरी रेनडियरच्या पोटाच्या उंचीवर आडवं रेटतंय आणि खाली त्याला धरायला तंबूच्या बोटभर खुंट्या. त्यात वारा दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो. ५० मैलांच्या झोताला हेच १५ किलो २३ किलो होतात, आणि आपल्या इथे हिवाळ्यात नॉरईस्टर, म्हणजे ईशान्येच्या वाऱ्याचं वादळ, आलं की असे झोत येतातच.

म्हणून अर्ध्या इंची सळई घे, दुकानात रीबार म्हणायचं, ३ फुटाचे दोन तुकडे, अर्धी सळई जमिनीत आणि अर्धी रेनडियरच्या पायामागे वर, आणि पाय सळईला पाईपच्या क्लॅम्पने दोन-दोन ठिकाणी स्क्रू करून आवळायचे. शिवाय मागून एक तिरका टेकू किंवा दोन तारा, ताणून, वेगळ्या खुंट्यांना. सळईच्या वरच्या टोकावर जुना टेनिस बॉल चिरून बसव, पोरं बर्फात पडतात तिथे उघडी सळई नको. आणि हो, ठोकायच्या आधी काही दिवस ८११ ला फोन कर, फुकट असतं, येऊन गॅस, वीज, केबल कुठून गेलीय त्याच्या रंगीत खुणा मारून जातात. दीड फूट काही फार नाही असं वाटतं पण केबल कधीकधी त्याच्याही वर असते. स्प्रिंकलरचे पाईप मात्र ते दाखवत नाहीत, ते तुझे खाजगी, ते तुलाच शोधायचे.

हे सगळं नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आत उरकायचं, दिवे नंतर लाव हवं तर. डिसेंबरात एक कडक थंडीची लाट आली की वरची माती विटेसारखी होते, मग हातोडा उडून परत येतो. लोक ब्लॅक फ्रायडेला टीव्ही घ्यायला धावतात, मी त्याच्या आधीच्या शनिवारी सळया ठोकून मोकळा झालेला असतो.

आता रेनडियर. तारेची फ्रेम वाकवून करतात तो थ्रीडीवाला पहिल्याच वर्षी डोक्यात घेऊ नकोस, त्याला वेल्डिंग लागतं नाहीतर सांधे हलतात आणि हरणाऐवजी गाढव तयार होतं, मी केलंय, माहितीये. प्लायवुडचा सपाट कर. अर्धा इंच जाडीचं बाहेर वापरायचं प्लाय, ८ बाय ४ चा एक पत्रा, दुकानातच मधोमध कापून देतात, गाडीतही बसतो आणि दोन रेनडियर होतात. चित्र मोठं करायला प्रोजेक्टर वगैरे काही लागत नाही, शाळेत ड्रॉइंगच्या तासाला चौकटी पाडून चित्र मोठं करायला शिकवायचे तेच. कागदावर १२ बाय १२ सेंटीमीटरचं चित्र, त्यावर एकेक सेंटीमीटरच्या चौकटी, प्लायवर ४-४ इंचाच्या चौकटी, आणि एकेका चौकटीत जे दिसतं तेवढंच उतरवायचं, पूर्ण हरणाकडे बघायचंच नाही. मुलीला बसव सोबत, तिला हे माझ्यापेक्षा आणि तुझ्यापेक्षा चांगलं जमेल.

कापताना दोनच गोष्टी. शिंगं कुठेही दोन इंचापेक्षा बारीक करायची नाहीत, पाय तीन इंचापेक्षा नाहीत, चित्रात कितीही नाजूक असू देत. जिगसॉने कापून झाल्यावर कडा घासून घे आणि खरी मेहनत तिथे कर, कारण प्लायवुड पाणी पितं ते तोंडाने नाही, कडेने. समोरून तीन हात रंग देतात लोक आणि कड कोरडी ठेवतात, मग पुढच्या वर्षी बघावं तर थर सुटून मिरच्यांच्या भज्यांसारखं फुललेलं. कडेला बाहेरचा प्रायमर दोनदा, पूर्ण सुकू देऊन, मग बाहेरचा लॅटेक्स रंग, मागची बाजूसुद्धा.

माळ लावायला स्टेपल गन हातात घेऊ नकोस. एक स्टेपल वायरमधून गेला की संपलं, आणि तो कुठला हे शोधायला तुला अख्खी माळ उपटावी लागेल. कडेपासून इंचभर आत भोकं पाड, तीन-तीन इंचावर, आणि मागून एकेक दिवा भोकातून पुढे ढकल, म्हणजे पुढून नुसता दिवा दिसतो आणि वायरचं सगळं जंजाळ मागे राहतं. भोकाचं माप आधी भंगार तुकड्यावर करून बघ, दिवा जरा दाबून आत गेला पाहिजे, लुडबुडला नाही पाहिजे. मागे वायर झिप टायने बांध, काळ्या झिप टायनेच, पांढरे उन्हाने कडक होऊन तुटतात. चार फुटाच्या हरणाला १०० ची एक माळ साधारण पुरते. आणि रंग वॉर्म व्हाईट, म्हणजे पिवळसर, घे रे बाबा. कूल व्हाईट लावलास तर दारात रेनडियर नाही, रात्रभर उघडं असलेलं मेडिकलचं दुकान दिसेल.

खरं तर मला विचारशील तर पहिल्या वर्षी रेनडियर एकच कर आणि बाकीचं यार्ड दोन सोप्या गोष्टींनी भर.

एक म्हणजे टोमॅटोच्या पिंजऱ्याचं झाड. उन्हाळ्यात टोमॅटोच्या रोपाला आधाराला लावतात तो तारेचा निमुळता पिंजरा, तुझ्या आधीच्या मालकाने गॅरेजमध्ये नक्की दोनचार सोडले असतील, बघ. तो उलटा ठेवायचा, रुंद तोंड खाली, आणि वर आलेले पाय एकत्र ओढून झिप टायने बांधायचे, झालं शेंड्यासकट झाड. माळ लावायला खालून सुरुवात कर, वरून केलीस तर खाली येईपर्यंत दिवे संपतात आणि प्लगचं टोक झाडाच्या शेंड्यावर राहतं, हे प्रत्येकजण एकदा करतोच. उभ्या तारांवर माळ वर-खाली न नेता गोल गोल फिरव आणि दर फूटभराने तारेला एक झिप टाय. खालचं कडं जमिनीला धरून ठेवायला यू आकाराचे सहा इंची लँडस्केप स्टेपल मिळतात, एका झाडाला चार. याला वारा फारसा लागत नाही कारण तो आरपार जातो, म्हणून मला हे झाड आवडतं. उंची कमीजास्त असलेले तीन पिंजरे जवळजवळ लावलेस तर फार छान दिसतात, पाच-सहा सारखेच एका रांगेत लावलेस तर ट्रॅफिकचे कोन वाटतात.

दुसरी म्हणजे जाळीचे गोळे, आणि हे माझं सगळ्यात लाडकं. नॉर्थ कॅरोलिनामध्ये ग्रीन्सबरो म्हणून गाव आहे, तिथे सनसेट हिल्स नावाच्या वस्तीत गल्लीच्या गल्ली मोठ्या झाडांवर असे पेटते गोळे टांगतात, एकदा ड्राइव्ह करून मुद्दाम बघायला गेलो होतो, मान वर करून करून दुखली. चिकन वायर घ्यायची, आपल्याकडे खुराड्याला लावतात ती षटकोनी भोकांची जाळी. २४ इंच रुंदीचा रोल घे आणि त्यातून ४८ इंच लांब तुकडा काप. का एवढंच, तर ४८ चा घेर म्हणजे साधारण १५ इंचाचा व्यास, आणि १५ इंचाच्या गोळ्यावर वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत अर्धा फेरा मोजलास तर येतो साडेतेवीस, म्हणजे रुंदी बरोबर पुरते. हे मी गणितात हुशार म्हणून नाही, तीन वाकडे भोपळे बनवल्यावर बसून काढलंय. हातमोजे घाल, कापलेल्या जाळीची टोकं सुईसारखी असतात. तुकड्याचं नळकांडं कर, शिवणीला एका बाजूच्या सुट्या तारा दुसऱ्या बाजूच्या भोकात पिळून अडकव. मग वरचं तोंड, लाडूच्या मुठीसारखं, सगळीकडून थोडं थोडं दाबत मिटत आण, एका जागी एकदम दाबलंस तर चेपतं. खालचंही तसंच. शेवटी दोन्ही तळहातात धरून मधला भाग जरा बाहेर काढायचा. गोल झाला नाही तरी हरकत नाही, रात्री जाळी दिसतच नाही, फक्त दिवे दिसतात. १०० ची एक माळ बाहेरून गुंडाळ, कुठल्याही दिशेने, जेवढं वेडंवाकडं तेवढं बरं.

टांगताना दोरीच्या टोकाला काहीतरी जड बांधून फांदीवरून टाकायची, गोळा दोरीला बांधायचा आणि झेंडा चढवतो तसा ओढून दोरी खोडाला बांधायची. गोळ्याचं वजन दोरीवर, वायरवर कधीच नाही, वायर नुसती सैल सोबत गेली पाहिजे. आणि दोरी फेकायच्या आधी वर बघ, घराला येणारी विजेची वायर त्या झाडाजवळून जात असेल तर ते झाड सोडून दे, दुसरं बघ.

आता विजेकडे येऊ, म्हणजे तुझ्या शॉकच्या भीतीकडे. बाहेरचा आउटलेट जीएफसीआय पाहिजे, म्हणजे टेस्ट आणि रिसेटची दोन बटणं असलेला, नाहीतर आतल्या दुसऱ्या जीएफसीआयवरून किंवा तसल्या ब्रेकरवरून आलेला. जुन्या घरात नसेलही, तसं असेल तर हे सगळं पुढच्या आठवड्यावर ढकल आणि आधी इलेक्ट्रिशियन बोलव. जीएफसीआय साधारण ५ मिलिअँपिअर गळती झाली की वीज तोडतो. भारतात घराच्या बोर्डवर जो लावतो तो ३० वर तोडतो, त्यामानाने हा फारच नाजूक मनाचा. त्यामुळे तुला शॉक लागायच्या आधी हा शंभर वेळा रुसणार, ते रुसणं बरोबरच असतं, त्याला शिव्या द्यायच्या नाहीत आणि त्याला टाळून घरातल्या साध्या आउटलेटमधून खिडकीतून वायर काढायची तर अजिबात नाही.

कामावर असताना एका सोसायटीत गेटच्या लाईटचं असंच चालू होतं. रोज संध्याकाळी टायमरने दिवे लागले की पाच मिनिटांत ट्रिप, आणि रोज सकाळी कोणीतरी येऊन रिसेट केलं की व्यवस्थित चालू. तीन माळा बदलून झाल्या, टायमर बदलला, आउटलेटसुद्धा बदलला. मग मी एकदा दुपारी तीनला जाऊन नुसता उभा राहिलो. एक्स्टेन्शन कॉर्ड आणि माळेचा जोड गवतात पडलेला, वर बर्फ, दुपारच्या उन्हाने तो वितळून जोडाभोवती बशीएवढं डबकं. रात्रीत ते गोठायचं, आणि गोठलेल्या बर्फातून वीज फारशी जात नाही, म्हणून सकाळी सगळं छान. एक वीट आणली, जोड त्यावर ठेवला, तोंड खाली करून. संपला विषय. तेव्हा तुझं कधी ट्रिप झालं तर माळ बदलायच्या आधी सगळे जोड बघ, कुठला जमिनीला टेकलाय.

जोड जमिनीपासून निदान वीतभर वर, खुंटीला बांधून, आणि भोकं खाली. माळेच्या शेवटी जे मोकळं सॉकेट राहतं तेसुद्धा खालीच तोंड करून आणि त्याला टोपी लाव, ते रिकामं दिसतं पण जिवंत असतं. इलेक्ट्रिकल टेपने जोड गुंडाळू नकोस, सगळेजण गुंडाळतात, मला माहितीये, पण टेपच्या आत पाणी जायला जागा शोधतंच आणि बाहेर यायला जागा राहत नाही, मग जोड आतल्या आत भिजत बसतो. वायर आउटलेटला जाताना आधी आउटलेटच्या खाली झोळीसारखी लोंबू दे आणि मग वर चढू दे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोळीच्या तळाशी टपकतं, आउटलेटमध्ये जात नाही. आणि आउटलेटला फुगीर पारदर्शक झाकण मिळतं, प्लग आत असतानाही बंद होतं, ते लाव.

एक्स्टेन्शन कॉर्डवर बारीक अक्षरं छापलेली असतात, त्यात शेवटी डब्ल्यू असेल तर ती बाहेरची. घरातली पांढरी पातळ कॉर्ड बाहेर नको.

लोडचा हिशोब जुन्या काळी डोकेदुखी होती, आता एलईडीमुळे गंमत झालीय. १५ अँपिअरचं सर्किट, १२० व्होल्ट, म्हणजे १८०० वॅट, पण तासन् तास चालणाऱ्या गोष्टीला ८० टक्केच धरायचे, १४४०. जुने मोठे सी-नाईन बल्ब ७ वॅटचे, २५ ची माळ म्हणजे १७५ वॅट, आठ माळांत सर्किट भरलं, आणि त्याच सर्किटवर गॅरेजमधला फ्रीझर निघाला की अंधार. एलईडीची १०० ची माळ पाच-सहा वॅट घेते, जुन्या बारीक बल्बची ४० च्या आसपास. तू १० माळा लावल्यास, साडेचारला अंधार पडतो तेव्हापासून साडेदहापर्यंत, असे ४० दिवस, तर एलईडीला सगळ्या सीझनचे १४-१५ युनिट लागतील आणि जुन्यांना ९६. तरीपण कोणी जुन्या माळा फुकट दिल्या तर एकामागे एक जोडताना पाकिटावर लिहिलेल्या संख्येपुढे जाऊ नकोस, त्यांच्या प्लगमध्ये छोटं सरकतं झाकण असतं, आत काडीएवढा फ्यूज असतो, तो उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घालायचा, मोठा नाही. एलईडीचा एक फायदा कोणी सांगत नाही, त्या गरम होत नाहीत म्हणून बर्फ त्यांच्यावर साचून राहतो आणि मग आतून उजेड येतो, अख्खं झुडूप आतून पेटल्यासारखं, त्या सकाळी सहाला उठून बघ.

पुण्याच्या माळांबद्दल. त्या २३० व्होल्टच्या, इथे १२०. नुसता पिन बदलणारा अडॅप्टर लावलास तर जुन्या बल्बच्या मिणमिणतात, एलईडीच्या काही लागतात, काही लागतच नाहीत, आणि तू म्हणशील लागल्या की मग काय प्रॉब्लेम. प्रॉब्लेम असा की त्यांची वायर केसासारखी पातळ, बाहेरच्या पावसाबर्फासाठी बनवलेलीच नाही, त्यांच्यावर इथला यूएल वगैरे कुठला सुरक्षिततेच्या चाचणीचा शिक्का नाही, आणि काही जळालं तर इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न तोच विचारणार. भावना समजते, पण त्या परत बॅगेत भर. आणि चुकूनही इथली माळ घेऊन जाऊन पुण्यात लावू नकोस, ती दुप्पट व्होल्टवर एका क्षणात जाते, माझ्या भावाकडे गेलीय.

आकाशकंदील मात्र आणायचा, त्याचं काही बिघडत नाही, फक्त होल्डर बदलायचा. आपला होल्डर पिनवाला, इथला आट्यांचा, तिकडचा होल्डर वायरसकट काढून टाक आणि इथली बाहेर चालणारी आट्यांच्या होल्डरची लोंबती कॉर्ड लाव, ४-५ वॅटचा एलईडी बल्ब. कागदी असेल तर पोर्चच्या छपराखाली, उघड्यावर एका पावसात लगदा होतो.

उघड्यावर टांगायचा तर आमचा वसईचा तारा कर. माझे आजोबा बांबूच्या कामट्यांचे करायचे. पाच कामट्यांची एक चांदणी सुतळीने बांधायची, तशीच दुसरी, दोन्हींची पाचही टोकं एकमेकांना बांधायची आणि मग मधल्या पाच सांध्यांमध्ये वीतभर काड्या घुसवून दोघींना फाकवायचं, की तारा फुगून उभा राहतो. त्यावर पतंगाचा कागद, मैद्याच्या खळीने, आणि आत ६० चा पिवळा बल्ब. एका वर्षी बल्ब जरा तिरका झाला आणि मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, निघायच्या वेळेला तारा धुमसायला लागला, आजोबांनी तो उपटून विहिरीच्या पन्हळीत टाकला आणि शांतपणे म्हणाले, चला, उशीर होतोय. इथे मी तोच तारा करतो, बागेच्या दुकानात टोमॅटोजवळच बांबूच्या काठ्या मिळतात, सुतळीऐवजी झिप टाय, आणि कागदाऐवजी शॉवरच्या पडद्याचा पांढरा अर्धपारदर्शक लायनर, ताणून पारदर्शक टेपने चिकटवलेला. एलईडी असल्यामुळे धुमसायचा प्रश्न नाही. तीन सीझन झाले त्याला.

ताऱ्यावरून आठवलं, तुझ्यापासून पश्चिमेला तासा-सव्वातासावर पेनसिल्व्हेनियात बेथलेहेम आहे, त्या गावाचं नाव १७४१ च्या नाताळच्या आदल्या रात्री ठेवलं गेलं आणि तिथे मोराव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा अनेक टोकांचा तारा घरोघर लटकलेला दिसतो, मुलीला घेऊन जा एकदा. तो तारा जर्मनीतल्या शाळेत भूमितीचा धडा म्हणून सुरू झाला म्हणतात, आणि बघून तुला वाटेल की अरे हा तर आपल्या कंदिलाचा चुलतभाऊ. आणि गंमत म्हणजे तू राहतोस तिथेच हा सगळा प्रकार सुरू झाला. मेन्लो पार्क आज एडिसन टाउनशिपमध्येच येतं, १८८० च्या नाताळात एडिसनने आपल्या लॅबच्या बाहेर दिव्यांच्या माळा टांगल्या होत्या आणि शेजारून जाणाऱ्या रेल्वेतले लोक खिडकीतून बघायचे. आज त्याच रुळांवरून आपण मेट्रोपार्क स्टेशनहून न्यूयॉर्कला ऑफिसला जातो, फोनमध्ये डोकं घालून. दोनच वर्षांनी त्याच्या कंपनीतल्या एडवर्ड जॉन्सनने न्यूयॉर्कमधल्या घरात लाल, पांढरे आणि निळे असे ८० बल्ब लावून पहिलं विजेचं ख्रिसमस ट्री केलं.

अजून एक फुकटातली गोष्ट. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निवडणूक झाली की यार्डात लावलेल्या उमेदवारांच्या पाट्या लोक फेकून देतात, त्या नालीदार प्लास्टिकच्या असतात, पाण्याला दाद देत नाहीत. ओळखीच्यांना विचारून दहाबारा जमव, रस्त्यावरच्या आपल्या आपण उचलू नकोस. त्यांचे खोके करायचे, कडा झिप टायने शिवायच्या, आत एक माळ कोंबायची, वर लाल रिबन, झाले पेटते गिफ्ट बॉक्स. फक्त बाहेरून आधी रंगाचा स्प्रे मार, मी छापलेली बाजू आत करून हुशारी केली होती, तर रात्री दिवा लागल्यावर खोक्याच्या पोटात टाउनशिपच्या एका हरलेल्या उमेदवाराचं नाव उलटं झळकत होतं, आठवडाभर.

पिक्सेल, गाण्यावर नाचणारे दिवे वगैरे यंदा नको. ब्रुकलिनला डायकर हाइट्समध्ये जाऊन लोकांचे बघून ये.

सोसायटीचे म्हणजे एचओएचे नियम असतील तर ते आधी वाच, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत वगैरे असतं. आपल्या लोकांचं बरं असतं, दिवाळीला छपराच्या पन्हळीच्या (इथे तिला गटर म्हणतात) कडेने लावलेली वॉर्म व्हाईट माळ तशीच न्यू इयरपर्यंत खपते, रेनडियर तेवढा मागाहून उभा करायचा.

माळा विकत घ्यायच्या त्या यंदा जेवढ्या लागतील तेवढ्याच घे, बाकीच्या २६ डिसेंबरला, अर्ध्या किमतीत मिळतात. एकाच कंपनीच्या घे, वॉर्म व्हाईट प्रत्येकाचा वेगळा असतो, एक लोण्यासारखा आणि एक तुपासारखा, शेजारी शेजारी लावल्या की कळतं.

आणि काढताना, ६ जानेवारीनंतर, सळया गोठलेल्या असतील तर उपटायला जाऊ नकोस, कंबर जाईल आणि सळई तिथेच राहील. रेनडियर क्लॅम्प सोडून गॅरेजमध्ये ने, माळ त्याच्यावरच राहू दे, पुढच्या वर्षीचं काम वाचतं. सळयांवर टेनिस बॉल ठेवून मार्चपर्यंत वाट बघ, जमीन सैल झाली की पक्कड लावून एक पीळ दे, मग ओढ. माझ्या दोन सळया गेल्या वर्षी एप्रिलपर्यंत तशाच होत्या, एकीवर बायकोने दोडक्याचा वेल चढवला.